सतराव्या रकान्याची पोच

१

हिएताकारीच्या जुन्या किनारा-रेडिओ केंद्रात तासातून दोनदा बोलणं बंद पडायचं. बंद पाडायचा तो ताइस्तो काल्लुंकी.

भिंतीवरच्या गोल घड्याळात सव्वाच्या आणि पाऊणच्या आकड्यापाशी तीन-तीन मिनिटांच्या दोन लाल फाका रंगवलेल्या होत्या. जुन्या काळी काटा त्या फाकेत शिरला की पाण्यावरचे आणि किनाऱ्यावरचे सगळे रेडिओवाले आपलं बोलणं थांबवून नुसते ऐकत बसत. कुणी बुडत असेल आणि त्याचा आवाज क्षीण असेल, तर तो गोंगाटात हरवू नये, म्हणून. तो नियम रद्द झाला तेव्हा केर्तू इसोकांगास शाळेतही जात नव्हती. पण बहात्तर वर्षांच्या ताइस्तोला ते कुणी सांगितलं नसावं. कॉफीचा कप अर्ध्या वाटेवर असो, वाक्य अर्ध्यावर असो, काटा लाल झाला की म्हातारा चूप. आणि त्याच्याबरोबर बाकीचेही चूप, शिक्षक वर्गात आल्यासारखे.

केर्तू त्या तीन मिनिटांत वेलदोड्याचा पाव मुद्दाम आवाज करत चावायची.

"एवढं काय ऐकता?" तिने एकदा विचारलं होतं.

"कुणी बोलत नाहीये ना, ते," ताइस्तो म्हणाला होता.

याला काय उत्तर म्हणायचं? या पिढीकडे सगळ्या प्रश्नांना अशीच उत्तरं होती. केर्तूचं गेल्या तीन वर्षांचं काम म्हणजे या उत्तरांविरुद्धचं भांडणच होतं.

किनारा-हजेरीचं मानक दोनशे चौदा पानांचं. केंद्राने आखातातल्या होड्यांना एकेक करून हाक द्यायची, प्रत्येकीने आपापल्या रकान्यात, म्हणजे आपल्या वाट्याच्या क्षणात, 'हजर' म्हणायचं, आणि केंद्राने तिला 'ऐकलं' अशी पोच द्यायची. एवढंच. पण ही हजेरी घेणाऱ्या पेट्या तीन कंपन्या बनवायच्या, तिन्ही पेट्या सीलबंद, आणि तिघींनी तीच कलमं तीन तऱ्हांनी वाचलेली. गेल्या ऑक्टोबरात केर्तूच्या गावचा एक मच्छीमार उलटलेल्या होडीला चार तास धरून होता. त्याची पेटी ओरडत होती. किनाऱ्यावरच्या पेटीने ते ओरडणं 'नियमात बसत नाही' म्हणून टाकून दिलं होतं. तो वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटं गेली. चौकशीत दोन्ही पेट्यांच्या कंपन्यांनी एकाच कलमावर बोट ठेवलं. त्यांची बोटं शाबूत होती.

केर्तू लिहीत होती तो प्रमाण-प्रोग्राम. पेटीतलं तारांचं जंगल काढून टाकायचं, अँटेनावर येणाऱ्या लहरींचे सरळ आकडे करायचे आणि पुढचं सगळं काम प्रोग्रामने करायचं. मानकातलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं चालवून दाखवायचं. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही उघडावं, वाचावं, चुका काढाव्यात. युहान्नुसच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या, आदल्या मंगळवारी अकरा जणांची समिती मत देणार होती. सहा मतं मिळाली, तर हा प्रोग्राम मानकाचा भाग होईल आणि यापुढे प्रत्येक पेटीला त्याच्याशी जुळावं लागेल. नाही मिळाली, तर एका कंपनीची सीलबंद पेटीच प्रमाण ठरेल. मग पुन्हा कुणीतरी उलट्या होडीवर, आणि पुन्हा कलमावर बोट.

परीक्षेला दोनशे बारा ध्वनिमुद्रणं होती. दोनशे अकरा जुळली होती.

२

दोनशे बारावं लास्सेने एप्रिलमध्ये स्वतः छतावर चढून घेतलेलं. लास्से तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा, खारट काळ्या गोळ्या चघळायचा आणि कामात तिच्याइतकाच पक्का होता. बाकीची मुद्रणं कंपन्यांच्या पेट्यांतून गाळून आलेली होती. हे एकच कच्चं होतं, हवेतून आलं तसं. उत्तरपत्रिका ताइस्तोच्या तिरप्या हस्ताक्षरात होती: सोळा होड्या, सोळा नावं.

प्रोग्राम सतरा म्हणत होता.

"मोजायला चुकतोय," लास्से म्हणाला.

"कोण? तो की तुझा ताइस्तो?"

"माझा कशाला? तुझाच लाडका आहे तो."

केर्तूने सतरावी ओळ मोठी करून पाहिली. नाव: रिकामं. उत्तर: हजर. उत्तर यायला लागलेल्या उशिरावरून काढलेलं अंतर: एक्केचाळीस किलोमीटर.

"एक्केचाळीस, पश्चिमेला," लास्सेने नकाशावर बोट ठेवलं आणि गोळी चघळायची थांबवली. "केर्तू, एप्रिलमध्ये तिथे बर्फ होता. हातभर जाड. होडी जाणार कशी?"

हजेरीच्या पट्टीत रकाने सतरा होते. सोळा नावांनिशी. सोळा झाल्यावर केंद्र एक बिननावाची हाक देई, 'कुणी राहिलं का?', आणि त्याच्या उत्तरासाठी एक रकाना मोकळा सोडी. त्या कलमाखाली बारीक अक्षरात एक टीप होती: सतरावा रकाना रिकामा राहील. का राहील, ते दोनशे चौदा पानांत कुठेही नव्हतं.

"टीपच आहे ना," लास्से म्हणाला. "एक ओळ टाक. रकाना सतरा असेल तर दुर्लक्ष कर. दोनशे बारापैकी दोनशे बारा, आणि आपण घरी."

"आणि मूळ कलम काय म्हणतं?"

लास्सेला पाठ होतं. सगळ्यांनाच होतं. "ज्याचं उत्तर ऐकू येईल, त्या प्रत्येकाची नोंद होईल आणि त्याला पोच जाईल."

"त्या प्रत्येकाची. ते तिन्ही कंपनीवाले अशीच एकेक ओळ टाकत आले. अशाच एका ओळीने त्या माणसाची बोटं खाल्ली. मी नाही टाकणार."

"बोटांचं सोड. हे उत्तर देतंय कोण?"

"ते मानकात विचारलेलं नाही," केर्तू म्हणाली. हे तिला बोलताना फार छान वाटलं. घरी सायकलवर जाताना तेवढं छान वाटलं नाही.

३

खऱ्या होड्यांवर चाचणी रोज दोनदा व्हायची, सकाळी नऊला आणि दुपारी दोनला. केंद्राला मिळालेल्या चाचणीच्या परवान्यात सोळाच नावं असल्यामुळे पोच सोळांनाच जायची. प्रत्येक पोचेला टेबलावरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारी छोटी कळ, वाजायचा: टक. सोळा वेळा टक, आणि मग शांतता.

त्या शांततेतच पडद्यावर सतरावी ओळ यायची.

सोमवारी अंतर एकोणीस होतं. बुधवारी बारा. गुरुवारी सकाळी सात, दुपारी सहा.

गुरुवारी दुपारी उन्हं स्वच्छ होती, खिडकीबाहेर कुरव पक्षी भांडत होते, आणि केर्तूने ठरवलं की आता पुरे झालं. चूक आहे, चुकीला जागा असते, जागा शोधायची. तिने अँटेनाची तार सोडवली आणि तिथे पितळी टोपण फिरवून घट्ट बसवलं. ते टोपण बसलं की रेडिओ बहिरा होतो आणि मुकाही. आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही.

हजेरी चालवली. सोळा रकाने काळे. एकही टक नाही. बरोबर.

सतरावी ओळ आली. हजर. अंतर पाच.

ती खुर्चीत मागे टेकली. हाक खोलीबाहेर गेलीच नव्हती. मग उत्तर कशाचं?

गळती असेल. टोपण बदललं. तार बदलली. आपल्याच हाकेचा प्रतिध्वनी असेल. पण प्रतिध्वनीत आपलाच क्रमांक आला असता, आणि इथे क्रमांकाची जागा रिकामी होती. तिने दुसरा लॅपटॉप आणला. शेवटी सगळा संसार उचलून ती तळघरात गेली, जिथे युद्धाच्या भीतीने बांधलेल्या भिंती हातभर जाडीच्या होत्या आणि मोबाइल कधीच लागत नसे. फरशी थंड होती, तिच्या लोकरी मोज्यांतून गारवा वर चढत होता. कुठेतरी पाइपात पाणी घसरत होतं.

हजर. अंतर चार.

मग तिला शेवटची शंका सुचली. हे नुसतंच बडबडत असेल, सारखं, आपण विचारलं नाही तरी. तिने हाक बंद केली आणि नुसतं ऐकत राहिली. पाच मिनिटं. दहा. काही नाही. आकडे सपाट, कोऱ्या कागदासारखे. पुन्हा हाक दिली: कुणी राहिलं का?

हजर.

तिने लॅपटॉपवरचे हात काढून घेतले ते इथे. बिघाड असता तर तो केव्हाही बोलला असता. हे विचारल्याशिवाय बोलत नव्हतं. आपला रकाना यायची वाट पाहत होतं, नियमात बसून, तिच्या माहितीतल्या कुठल्याही पेटीपेक्षा जास्त काटेकोरपणे.

जिने चढताना तिने मागे पाहिलं नाही. त्याचा तिला वर आल्यावर राग आला, म्हणून ती पुन्हा दोन पायऱ्या खाली उतरली, तळघरात नीट पाहिलं, दिवा स्वतःच्या हाताने बंद केला आणि मगच वर गेली.

४

ताइस्तो बाहेर बाकावर बसून डास मारत होता. समितीत तो सगळ्यांत जुना. त्याआधी सव्वीस वर्षं याच इमारतीत रात्रंदिवस कानाला हेडफोन.

"सतरावा रकाना रिकामा का ठेवलात?" केर्तूने उभ्यानेच विचारलं.

"किती आहे?"

"काय किती आहे?"

"अंतर, पोरी."

तिने सांगितलं. त्याने हातातला डास पाहिला, मग पँटला पुसला.

"आमच्या काळी तोंडी हजेरी होती," तो म्हणाला. "सोळा नावं घ्यायची, मग विचारायचं, कुणी राहिलं का. रीत होती ती, विचारावंच लागे. एखादा परका खलाशी बर्फात अडकलेला असायचा. तो बोलला तर ठीक."

"आणि?"

"आणि कधी कधी दुसरंच कुणी बोलायचं. मला शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, त्याला पोच द्यायची नाही. पोच दिली नाही की ते परत लांब जातं."

"आणि दिली तर?"

"कुणी दिली नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीतच नाही!" केर्तूचा आवाज चढला. "तुम्ही सव्वीस वर्षं कुणाच्या तरी 'हजर'ला उत्तर दिलं नाहीत, मग त्याची बारीक अक्षरात टीप केलीत, आणि आता ती माझ्या प्रोग्राममध्ये घुसवायला निघालात. कुणीतरी सांगितलं म्हणून? तुम्ही विचारलंही नाहीत का ते?"

"तू फार ओरडतेस," ताइस्तो म्हणाला. चिडून नव्हे. "मी पण ओरडायला हवं होतं बहुतेक. मंगळवारी मी विरोधात बोलणार आहे. आधीच सांगून ठेवतो."

"सांगा. मी ऐकलं. ही घ्या पोच."

तो हसला. मग घड्याळ न पाहताच गप्प झाला. केर्तूने मोबाइल पाहिला: पावणेपाच.

५

मंगळवारी सहा सभासद खोलीत होते आणि पाच फोनवर. टेबलाच्या मधोमध सभेचा स्पीकर, काळ्या बशीसारखा. पिर्को कागद घेऊन बसली होती. ती समितीची सचिव, आणि तिनेही तरुणपणी याच केंद्रात नोकरी केलेली. पाव कापलेले होते, सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापत ठेवलेली होती, आणि मत लवकर उरकून सगळ्यांना सुट्टीला पळायचं होतं.

केर्तूने हजेरी चालवून दाखवली. सोळा होड्या, सोळा टक. नंतर सतरावी ओळ. अंतर एक.

"ही पाहा चूक," ताइस्तो उठला. "उत्तरपत्रिकेत सोळा आहेत. जो प्रोग्राम उत्तरपत्रिकेशी जुळत नाही, तो नापास. हे माझं म्हणणं नाही, कुठल्याही परीक्षेचा नियम आहे."

"उत्तरपत्रिका कुणी लिहिली?" केर्तू म्हणाली.

"मी."

"आणि मानक?"

"आम्ही सगळ्यांनी."

"मग दोन्हींत फरक पडला तर खरं कोणतं? अकरा जणांनी सही केलेलं कलम, की एकाने होड्यांची नावं पाहून भरलेला कागद? तुम्ही ते मुद्रण ऐकलंच नाहीत. बंदरात किती होड्या आहेत ते माहीत होतं, म्हणून सोळा लिहिलंत. तुम्ही उत्तर आधी लिहिलंत आणि ऐकायचं राहूनच गेलं." तिला धाप लागली होती, पण थांबायला ती ताइस्तो नव्हती. "माझा प्रोग्राम फक्त एवढंच करतो. ऐकू येतं ते लिहितो. आवडतं ते नाही, अपेक्षित आहे ते नाही. ज्यांना हे नको असेल त्यांनी खुशाल सीलबंद पेटी घ्यावी. पण मग पुढच्या माणसाला ते समोर बसून सांगा, की तुझं ओरडणं आम्हाला आलं होतं, पण तू आमच्या यादीत नव्हतास."

लास्सेच्या तोंडातली गोळी कडकन फुटली. स्पीकरमधून कुणीतरी खोकलं.

ताइस्तोने सगळ्यांकडे पाहिलं. "यादीत नसलेला प्रत्येक जण बुडणारा नसतो," तो म्हणाला. त्याने आपला कप उचलला, मोबाइल टेबलावरच राहू दिला आणि दार उघडून बाहेर निघून गेला.

६

मत नावं घेऊन व्हायचं. पिर्को नाव घेई, माणूस 'बाजूने' किंवा 'विरोधात' म्हणे, पिर्को खूण करी.

बाजूने. विरोधात. विरोधात. केर्तू टेबलाखाली बोटं मोजत होती. फोनवरच्यांपैकी तिघे बाजूने आले तेव्हा एक हात पुरा झाला.

"काल्लुंकी," पिर्को म्हणाली. उत्तर नाही. तिने ती जागा कोरी सोडली.

शेवटी पाच बाजूने, पाच विरोधात. अकरांतले सहा हवे होते.

काटा पाऊणच्या लाल फाकेत शिरला. कुणी ठरवून नव्हे, पण खोली गप्प झाली. जुन्यांना सवय होती, आणि नव्यांना ती जडलेली होती. त्या शांततेत पिर्कोने चष्मा वर सरकवला आणि तरुणपणीच्या सवयीने, थोड्या गाणाऱ्या सुरात, विचारलं,

"कुणी राहिलं का?"

केर्तूची नजर खिडकीकडे गेली. ताइस्तो बाहेर पाण्याच्या कडेला उभा होता, पाठमोरा. कप दोन्ही हातांनी धरलेला.

स्पीकरमधली खरखर थांबली. इतकी थांबली, की दुपारभर ती चालू होती हे आता कळलं. एक हाक समुद्रावर जाऊन परत यायला लागावा तेवढा वेळ गेला.

"बाजूने," स्पीकर म्हणाला.

आवाज म्हातारा नव्हता, तरुण नव्हता. हा शब्द कसा उच्चारतात ते आत्ताच पाच वेळा ऐकून शिकल्यासारखा नीट होता.

"काल्लुंकी, बाजूने," पिर्कोने खूण केली. "बाहेरून फोन केला वाटतं. सहा. ठराव मंजूर."

टाळ्या वाजल्या. लास्सेने केर्तूला खुर्चीसकट हलवलं. "जिंकलीस! अगं जिंकलीस!" तिने लॅपटॉपकडे पाहिलं. हजेरी संपली होती, हाक बंद होती. शेवटची ओळ मात्र बदललेली होती.

अंतर: शून्य.

७

ताइस्तो आत आला तेव्हा पिर्कोने कागद पुढे केला. "फोनवर मत दिलंत, सही करा म्हणजे झालं."

तो कागदाकडे पाहत राहिला. मग टेबलावरच्या आपल्या मोबाइलकडे.

केर्तूला गप्प बसता आलं असतं. तीन वर्षं त्या एका खुणेवर उभी होती. पण ऐकू येतं ते लिहायचं, असं नुकतंच तिने ओरडून सांगितलं होतं.

"ताइस्तो," ती म्हणाली, "मी तुम्हाला खिडकीतून पाहिलं. तुम्ही पाण्यापाशी होता."

पिर्कोचं पेन हवेतच राहिलं.

म्हाताऱ्याने खुर्ची ओढली. बसण्याआधी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं आणि आपली खुर्ची थोडी लांब घेतली, जागा द्यावी तशी.

"सव्वीस वर्षं," तो हळू म्हणाला, "मी त्याच्या हजरला उत्तर दिलं नाही. आज ते माझ्या जागेवर बोललं, आणि तेही चांगलं बोललं. आता मी नाही कसं म्हणू?" त्याने पेन घेतलं. "आता विचारा मला, पिर्को. नीट, नाव घेऊन."

"काल्लुंकी?"

"बाजूने." त्याने सही केली. तिरपी, लांबलचक. "आता हे माझं आहे. यावर कुणी बोट ठेवू नये."

केर्तूच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःच्या रडण्याचा भयंकर राग आला.

"चालव," ताइस्तो तिला म्हणाला. "आता परवाना नावांचा नाही, मानकाचा आहे. लिहिलंय तसं चालव."

तिने हजेरी लावली. टक, टक, सोळा वेळा. मग ती बिननावाची हाक. मग ओळ: हजर, शून्य. आणि या केंद्राच्या इतिहासात प्रथमच, सतराव्यांदा, रिले वाजला.

टक. ऐकलं.

स्पीकरमधून एक लांब श्वास सुटला. त्या रिकाम्या खुर्चीची लाकडी पाठ किंचित करकरली, वजन उतरल्यावर करकरते तशी. आणि सभेच्या खोलीचं दार, जे ताइस्तोने आत येताना लावून घेतलं होतं आणि त्यानंतर कुणी उघडलं नव्हतं, हलकेच बंद झालं.

दुसऱ्या फेरीला अंतर तीन. तिसऱ्या फेरीला अकरा. चौथ्या फेरीला एक्केचाळीस, आणि पाचव्या फेरीला सतरावा रकाना रिकामा होता. खराखुरा रिकामा, टीप न लागता.

"एवढंच होतं!" केर्तू हसत सुटली. "एवढंच हवं होतं त्याला! ऐकलं म्हणायला! आणि तुम्ही सगळे..."

"हो," ताइस्तो म्हणाला. तोही हसत होता, गालांवरून पाणी वाहत होतं. "ओरड, ओरड. आज तुझा दिवस आहे."

त्या संध्याकाळी सौनात पिर्कोने सौनाच्या रीतीप्रमाणे तिच्या पाठीवर बर्चच्या झाडाची डहाळी मारत जुनी खलाशी गाणी म्हटली. युहान्नुसला गावात होळी पेटली, तेव्हा सात बोटांचा तो मच्छीमार शेकोटीपलीकडून आला, डाव्या हाताने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. प्रोग्राम तोवर एकोणीस देशांत उतरवून घेतला गेला होता. तिन्ही कंपन्यांनी सील फोडून आपल्या पेट्या त्याच्याशी जुळवायला घेतल्या होत्या. एवढी शांत झोप केर्तूला तीन वर्षांत लागली नव्हती.

८

ठरावानंतर नवव्या दिवशी सकाळी ई-मेलवर पत्र आलं. फेरो बेटांवरच्या एका बंदरातून, हानुस नावाच्या माणसाकडून.

'तुमचा प्रोग्राम झकास चालतो,' त्याने लिहिलं होतं. 'आमच्या बाराही होड्या पहिल्याच दिवशी आल्या. शेवटच्या रकान्यात एक बिननावाचा यायचा, त्यालाही पोच गेली, तो गेला. दुसऱ्या दिवशी त्या रकान्यात दोघे आले. काल इतके आले, की उत्तरं एकमेकांवर चढतात आणि वेगळी काढता येत नाहीत. कान लावून मी नऊपर्यंत मोजले. एकाला पोच मिळते, बाकीचे तसेच राहतात. मानकात पुढे रकानेच नाहीत. बाकीच्यांचं काय करायचं?'

लास्सेने ते तिच्या खांद्यावरून वाचलं. "त्याने जाऊन सांगितलं," तो म्हणाला. "इतरांना. की इथे ऐकतात."

"मूर्खासारखं बोलू नकोस." पण तिने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

खाली आणखी पत्रं होती. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरून एक. आइसलंडमधून एक. विषय वेगवेगळे, प्रश्न तोच.

तिने आपला प्रोग्राम उघडला. सतरा हा आकडा तिच्याच फाइलीत होता, ओळ चारशे सहा: यादीची लांबी. मानकातून जसाच्या तसा उचललेला. कलम म्हणत होतं, त्या प्रत्येकाची. आणि यादी म्हणत होती, सतरा. दोन्हींत फरक पडला तर खरं कोणतं, हे तिने एका भरलेल्या खोलीत विचारलेलं होतं आणि तिला सहा मतं मिळाली होती. तिने आकडा खोडला. उत्तरं संपेपर्यंत रकाने वाढत जातील, असं लिहिलं. खाली समितीसाठी दुरुस्तीचा अर्ज जोडला, कारणाच्या जागी कलमाचा क्रमांक टाकला, आणि तिला पुन्हा ते जाणवलं, जिंकल्याचं, अंगभर.

"नऊ वाजले," ती म्हणाली. "आपलीही हजेरी घेऊ. नव्या यादीने."

सोळा होड्या. सोळा टक. मग बिननावाची हाक.

सतरा, टक. ऐकलं. अठरा, टक. एकोणीस. यादी पडद्यावर वर सरकू लागली. नावांच्या जागा कोऱ्या. अंतरं अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, चाळीस. रिले घड्याळासारखा वाजत राहिला. मग घड्याळापेक्षा भरभर. चाळिसाव्या ओळीनंतर केर्तूने मोजणं सोडलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि सगळे कुरव पाण्यावरून उठून जमिनीकडे उडत निघाले होते.

दारात ताइस्तो उभा होता, हातात कप. तो गप्प होता आणि काटा लाल फाकेत नव्हता.

"केर्तू," लास्से म्हणाला, "बंद कर ते."

ओळी अजून येत होत्या. वीस. अकरा. सहा. प्रत्येकीला पोच जात होती, एकही वगळली जात नव्हती. तिच्या प्रोग्रामने इतकं अचूक काम आजवर कधीच केलं नव्हतं.

"थांब रे," ती म्हणाली. तिची मान ताठ होती. "कुणी राहिलं का, ते एकदा विचारून घेऊ दे."